शिडाखालचा संसार

समुद्राचा विषय निघाला की आपल्या भाषेला एकदम भरते येते. लाटा पर्वतप्राय होतात, वारा घोंघावू लागतो, आणि होडीत बसलेला माणूस पाहता पाहता दर्यावर्दी, सागरपुत्र, नाहीतर वीर बनतो. ही विशेषणे वाईट आहेत असे नाही. परंतु ती इतक्या तत्परतेने धावून येतात की त्यांच्या गर्दीत खुद्द तो माणूसच दिसेनासा होतो. त्याने सकाळी काय खाल्ले, ओले कपडे कोठे वाळत घातले, रात्री त्याची झोप किती वेळा मोडली, प्यावयाचे पाणी किती दिवस पुरले, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आणि आपणही विचारीत नाही. लहानशा शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडणाऱ्या माणसांविषयी गेल्या काही वर्षांत जे माझ्या वाचनात आले, त्यावरून माझे मत असे बनत गेले आहे की, ही न विचारलेली गोष्ट हाच त्या जीवनाचा गाभा आहे. आणि या विषयावरचे लेखन चांगले की वाईट हे ठरविण्याची कसोटीही तीच आहे. त्या मताची छाननी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

या विषयावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे वाचक विचारतील तर ते रास्तच होईल. मी मॅट्रिकपुढे न गेलेली एक मास्तरीण. काही कादंबऱ्या नावावर आहेत, इतकेच. राहते दिव्याला. येथे समुद्र नाही. खाडी आहे, आणि चहूकडे फुटणारे रेल्वेचे रूळ आहेत. ज्या इंग्रजी पुस्तकांविषयी मी पुढे लिहिणार आहे, ती शब्दकोश उशाशी ठेवून, सुट्टीच्या दिवसांत, पानापानाला अडखळत वाचलेली आहेत. शिडाच्या नौकेत मी कधी पाऊल ठेवलेले नाही. तरीही एका बाबतीत दिव्याचा माणूस या विषयातला जाणता आहे, असा माझा दावा आहे. भारतीय नौदलाची 'म्हादेई' ही नौका ५६ फूट लांबीची. म्हणजे ज्या लोकलच्या डब्यात आपण सकाळी अंग चोरून उभे राहतो, त्या एका डब्याहूनही ती आखूड. दहा बाय बाराच्या खोलीत ज्याने सहा माणसांची अंथरुणे घातली आहेत, टँकर येईपर्यंत ज्याने दोन कळशा पाणी पुरवून वापरले आहे, पावसाळ्यात उंबऱ्याच्या आत आलेले पाणी ज्याने रात्रभर उपसले आहे, त्याला त्या नौकेवरचे दिवस समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. तो वाचक विशेषणांनी भुलावा असे नाही. त्याला तपशील हवा असतो, कारण तपशिलाचे मोल त्याला ठाऊक असते.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. मराठीत होड्या थोड्या नाहीत. संतांच्या काळापासून भवसागर आहे आणि त्यातून पैलतीरी नेणारा नावाडी आहे. पुढे जीवननौका आली, संसाराची नाव आली, आणि लग्नपत्रिकेपासून मृत्युलेखापर्यंत ती सर्वत्र वल्हवली गेली. परंतु या नावेत कोणी राहत नाही. तिच्यात चूल नाही, पाण्याचे पिंप नाही. तिला गळती लागलीच तर ती पापाची असते. तिला डांबर लागत नाही, नामस्मरण पुरते. आधुनिक काळात आपल्या कवींनी समुद्राला थोर कविता वाहिल्या. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली 'सागरास' ही कविता महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तले (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' तर पिढ्यान् पिढ्या वर्गात म्हटले गेले आहे. या दोन्ही कवितांचे तेज उणावणार नाही. पण दोहोंत समुद्र हा ऐकणारा आहे आणि माणूस बोलणारा आहे. एकीत तो किनाऱ्यावरून बोलतो, दुसरीत गलबतावरून. कोलंबसाच्या गलबतावर पाण्याची पिंपे किती उरली होती, हे कवीने सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही; कवितेचे ते कामच नव्हे. ते गद्याचे काम होते, आणि आपल्या गद्याने ते केले नाही.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना समुद्र ओलांडणे निषिद्ध होते, आणि ज्यांच्या हाती सुकाणू होते त्यांच्यापर्यंत अक्षर पोचले नव्हते. आमच्या शेजारचे कल्याण आणि भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आले आणि शिवाजी महाराजांनी तेथे जहाजे बांधावयास घेतली, हे आम्ही मुलांना शिकवितो. त्या जहाजांवरचा तांडेल काय खात होता, हे आम्हाला शिकविता येत नाही. कारण तसे कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. कोकणचे खारवी, गाबीत, भंडारी, कोळी पिढ्यान् पिढ्या शिडांवर जगले. त्यांची गाणी आपल्याकडे आहेत. त्यांच्या रोजनिश्या नाहीत.

म्हणून प्रथम परक्या पुस्तकाकडे जावे लागते. जोशुआ स्लोकम हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. एप्रिल १८९५ मध्ये तो बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये परत आला. त्याचे पुस्तक १९०० साली निघाले. 'स्प्रे' ही त्याची नौका ३६ फूट ९ इंच. ती त्याने मोडकळीस आलेल्या एका जुन्या होडीवरून स्वतःच्या हाताने बांधली, आणि खर्च किती आला तो पुस्तकात चोख सांगितला: ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि तेरा महिन्यांची मेहनत. मी तेथेच त्याच्या बाजूची झाले. जो माणूस वीरकथेच्या आरंभी वाण्याचा हिशेब मांडतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

पुढेही तो असाच आहे. रेखांश काढण्यासाठी नाविकाला मोलाचे घड्याळ लागते. स्लोकमने एका डॉलरचे पत्र्याचे घड्याळ घेतले, तेही तबकडी फुटलेली म्हणून सवलतीत. वाटेत एका बेटावर त्याला कोणी बकरी भेट दिली. तिने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. अझोर्स बेटांवरची अलुबुखारे आणि पांढरे चीज पोटभर खाऊन त्याच्या पोटात असा मुरडा आला की तो केबिनच्या जमिनीवर पडून राहिला. आणि त्या ग्लानीत त्याला दिसले की, आपल्या सुकाणूशी एक परका माणूस उभा आहे. तो म्हणाला, मी कोलंबसाच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या. मला हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. आमच्या कवितेत कोलंबस समुद्राला आव्हान देतो. स्लोकमच्या पुस्तकात कोलंबसाचा माणूस येतो तो एका पोटदुखी झालेल्या म्हाताऱ्याची पाळी सांभाळण्यासाठी. दोन्ही चित्रे सुंदर आहेत; पण दुसरे पाहिल्यावर एकट्या माणसाला रात्री काय हवे असते, ते कळते. त्याला कोणीतरी सुकाणू धरून थोडे झोपू द्यावयास हवे असते.

स्लोकम वाचताना मला सारखी आठवण होत होती ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची. वाचक चमकतील, पण मी हे विचार करून लिहीत आहे. लक्ष्मीबाईंनी समुद्रप्रवास लिहिलेला नाही. परंतु सोवळ्याओवळ्याचा जाच, बिऱ्हाडांची हलवाहलव, हातात पैसा न टिकू देणारा नवरा, दुष्काळ, प्लेग, धर्मांतराने झालेली ताटातूट, हे सारे त्यांनी ज्या स्वरात सांगितले, तोच स्लोकमचा स्वर आहे. मोठ्या संकटाचे वर्णन त्या करीत नाहीत. त्या वेळी घरात काय होते आणि काय नव्हते ते सांगतात, आणि मधूनच स्वतःला हसतात. संकट किती मोठे होते, हे वाचकाचे वाचकाला कळते. म्हणजे महासागराची कथा सांगण्यास लागणारी भाषा मराठीत तयार आहे. ती पोवाड्यात शोधू नये. माजघरात शोधावी, तेथे ती १९३४ पासून छापील स्वरूपात आपली वाट पाहत आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण १९६८ सालचे आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. त्या वर्षी लंडनच्या एका वृत्तपत्राने, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. नऊ जण निघाले; पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने. त्याची 'सुहेली' अवघी ३२ फुटांची, मुंबईत, कुलाब्याला, सागवानात बांधलेली. ती बांधणाऱ्या सुतारांनी वाकस आणि सामता ही बापजाद्यांची हत्यारे चालविली. १४ जून १९६८ ला तो निघाला, २२ एप्रिल १९६९ ला परतला. त्याचे पुस्तक साधे, थोडे रांगडे आहे. पण त्यात तो पाण्यात उतरून, फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून, वर तांब्याची पट्टी ठोकून गळती बंद करतो. टाकीतले पाणी नासले तेव्हा पावसाचे पाणी शिडावर धरतो. वाचताना आपले हात आपोआप हलू लागतात.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक गृहस्थ होता. चार मुलांचा बाप, कर्जात बुडालेला. नौका घाईने तयार झालेली. दक्षिणेच्या उग्र समुद्रात तिला नेणे म्हणजे मरण, हे त्याला कळून चुकले. आणि परत फिरणे म्हणजे दिवाळे, हेही कळत होते. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि किनाऱ्याला खोट्या तारा पाठवू लागला. एका दिवसात २४३ मैल कापल्याचेही त्याने कळविले. किनारा हर्षभरित झाला. शेवटी १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. तिच्यावर होत्या त्याच्या वह्या. टॉमालिन आणि हॉल या दोघा पत्रकारांनी त्या वह्यांवरून लिहिलेले पुस्तक पुढल्या वर्षी आले. या विषयावरचे इतके अस्वस्थ करणारे दुसरे पुस्तक मी वाचलेले नाही.

मला प्रश्न पडतो तो असा. क्रोहर्स्टला खोटे बोलणे इतके सोपे का गेले? कारण किनारा त्याला जे विचारीत होता, त्याची खोटी उत्तरे देणे सोपे होते. मैल किती झाले? वेग किती? विक्रम झाला का? आकडे बनविता येतात. 'आज सुई मोडली म्हणून शीड अर्धेच शिवून झाले. कांद्याला कोंब आले ते भाजीत घातले,' असे शेकडो दिवसांचे बनविणे फार कठीण. दिनक्रम खोटा लिहिता येत नाही असे मी म्हणत नाही. आम्ही कादंबरीकार तेच करतो, आणि त्याला किती घाम गाळावा लागतो ते आम्हाला ठाऊक आहे. वाचक ज्या गोष्टीसाठी टाळी वाजवितो, ती गोष्ट लेखक पुरवितो. तेव्हा केवळ पराक्रमासाठी टाळी वाजविणाऱ्या वाचकाकडे त्या शोकांतिकेचा थोडा वाटा जातोच. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले. समुद्रावर काय असते हे त्याला माहीत होते. त्याने निवाडा केला नाही.

आता आपल्या घरचे. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनाने घेतले की, भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे या कामाला पुढे झाले. नौका बांधली गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांनी, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर. (आमच्या दिव्याशी त्या बेटाचे नाते केवळ नावाच्या उच्चाराचे, पण दिवाळी अंकात एवढी मैत्री जोडू द्यावी.) दांडेकरांनी पूर्वी अशी महासागरी नौका बांधली नव्हती, आणि दोंद्यांनी असा प्रवास केला नव्हता. गोव्याच्या नदीचे आणि देवीचे नाव घेतलेली 'म्हादेई' १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाली आणि चार बंदरांना थांबत १९ मे २०१० ला परत आली. आवटी २०१८ च्या नोव्हेंबरात निवर्तले. तोवर त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी दोन प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या होत्या.

दोंद्यांनी 'द फर्स्ट इंडियन' या नावाने आपली हकीकत इंग्रजीत लिहिली. तिचा गुण आणि तिची उणीव दोन्ही मला सांगितली पाहिजेत. गुण असा की, तिचा बराच भाग प्रवास सुरू होण्यापूर्वीच्या खटपटीचा आहे. नौका कोणी बांधावयाची, पैसा कोठून, कोणाची सही, कोणता सुटा भाग वेळेवर आला नाही. घाईच्या वाचकाला हा भाग रखरखीत वाटेल. मला तो पुस्तकाचा कणा वाटला. घर बांधलेल्या कोणत्याही माणसाला विचारा: वास्तुशांतीचा फोटो आल्बमात असतो, पण घर म्हणजे त्याआधीच्या खेपा. किनाऱ्यावर नीट न बसलेला एक बोल्ट समुद्रात महिन्याभराने आपला हिशेब मागतो; म्हणून ही तयारीची प्रकरणे खऱ्या अर्थाने प्रवासाचीच प्रकरणे आहेत. उणीव अशी की, दोंद्यांच्या लेखणीला गणवेश आहे. ते मिस्कील आहेत, नेमके आहेत. पण एकटेपणाच्या दाराशी आले की सलाम करून पुढे जातात. आतले दालन थोडे अधिक उघडले असते तर बरे झाले असते. आणि दुसरी खंत त्यांच्याकडे नव्हे तर आपल्याकडे जाते: असे पुस्तक मुळातून मराठीत का लिहिले गेले नाही?

त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच 'म्हादेई'तून, १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबई सोडून, कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली आणि मार्च २०१३ अखेर ते परतले. पुढे २०१८ च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि चालता येईना अशा स्थितीत ते तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाच्या हाती लागले. येथे माझ्या मतावर सर्वात मोठा आक्षेप उभा राहतो. कोणी म्हणेल, बाई, तुम्ही कांदे आणि सुया मोजीत बसलात; पण वादळ खरे आहे, आणि त्यापुढे उभे राहणे हा पराक्रम नाही तर काय?

आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. वादळ असते, आणि त्यात माणसे मरतात. पण वादळ हे पाहुण्यासारखे येते आणि जाते. घरात राहतो तो दिनक्रम. नौकेवरचे बहुतेक दिवस कसे असतात ते पाहा. जमीन सदैव एका अंगाला कललेली. पेला ठेवला तर राहत नाही. म्हणून चूल झोपाळ्यासारखी टांगलेली, आणि स्वयंपाक करणाऱ्याने कमरेला पट्टा बांधून उभे राहावयाचे. ताजी भाजी पहिल्या काही आठवड्यांत संपते. मागे राहतात बटाटे, कांदे, डाळतांदूळ आणि डबे. खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा पुरता वाळत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. दोर कोठे घासतो आहे हे रोज हात फिरवून पाहावयाचे, कारण आज झिजलेला दोर उद्याच्या वाऱ्यात तुटेल. एकटा माणूस सलग झोपत नाही. थोडे थोडे निजतो, उठून क्षितिज पाहतो, पुन्हा निजतो. वादळ आले तेव्हा ज्या नौकेचे दोर आधी पाहिलेले असतात, ती बहुधा तगते. म्हणजे पराक्रमाची पूर्वतयारी कंटाळवाण्या दिवसांत झालेली असते. टॉमींचेच पाहा. मोडलेल्या पाठीवर उपचार करून घेऊन ते पुन्हा शर्यतीत उतरले आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, दुसरे आले. १९६८ सालची साधनेच वापरावयाची, उपग्रहाने वाट दाखवावयाची नाही, असा त्या शर्यतीचा नियम. २०१८ च्या त्या तीन दिवसांचे कौतुक सगळ्यांनी केले. या २३६ दिवसांचे कौतुक कसे करावे, याला मात्र आपल्यापाशी शब्द नाहीत. पुरस्कार देता येतो. वर्णन करता येत नाही.

स्त्रियांच्या प्रवासाविषयी लिहिताना तर आपली पंचाईत दुप्पट होते. 'तारिणी' नौकेतून वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता अशा सहा नौदल अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २३८ दिवसांनी परतल्या. ११ सप्टेंबर २०२५ ला अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांतल्या दहा स्त्रिया 'त्रिवेणी'तून मुंबईहून प्रदक्षिणेस निघाल्या. अशा बातमीखाली आपल्याकडे दोनच शब्द तयार असतात: एक 'रणरागिणी', दुसरा 'नवदुर्गा'. देवी म्हटले की प्रश्न संपला. देवीला झोप लागत नाही आणि तिचे कपडे ओले होत नाहीत. मग कोणी म्हणेल की, तुम्ही घरकामाची कसोटी लावता, म्हणजे बायकांना समुद्रावरही चुलीशीच बसविता. तसे होत नाही. स्लोकम शिवत होता, दोंदे रांधत होते, नॉक्स-जॉन्स्टन पाणी भरत होता. शिडाखालच्या संसारात काम बाईचे किंवा पुरुषाचे नसते. ते नौकेचे असते. जो जागा असेल त्याने करावयाचे. परतीच्या वाटेवर 'तारिणी'च्या सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसला ठरलेले नसताना थांबावे लागले. पाच बंदरांच्या यादीत हे बंदर ओझरते येते. माझ्या मते कथा तेथे सुरू होते: घर इतके जवळ आलेले, आणि सुकाणू ऐकत नाही. त्या दिवसांत सहा जणी एकमेकींशी काय बोलल्या असतील? किंवा दोघीच असताना, एक निजलेली तर दुसरी पाळीवर, अशा २३८ दिवसांत दोघींनी मिळून सावकाश जेवण किती वेळा केले असेल? हे त्यांनी सांगावे असे वाटते, आणि आपण विचारल्याशिवाय त्या सांगणार कशा?

हा केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीचा प्रश्न असता तर सणासुदीला मी वाचकांचा वेळ घेतला नसता. मी मुलांना निबंध लिहावयास लावते. एकदा 'मी नाविक झालो तर' हा विषय दिला. वह्या आल्या त्या लाटांनी आणि शार्क माशांनी भरलेल्या. प्रत्येकात शेवटी तिरंगा आणि हार. एका मुलीने मात्र निम्मा निबंध पाण्यावर खर्ची घातला. पिंपे किती न्यावी लागतील, रोज किती काढावे, भांडी समुद्राच्या पाण्यात धुतली तर चालतील का, पाऊस पडला तर बादल्या कोठे मांडाव्या. तिच्या घरी पाणी भरण्याचे काम तिच्याकडे आहे, हे मला ठाऊक होते. निबंध संपवून तिने खाली लिहिले होते, 'बाई, विषय सोडून लिहिले असेल तर क्षमा असावी.' तिला कोणी शिकविले की हे विषय सोडून आहे? आम्हीच शिकविले, आमच्या विशेषणांनी. वर्गातल्या सर्वांत तिच्याच निबंधातली नौका न्यूझीलंडला पोचली असती. धैर्य म्हणजे छातीवर लाट झेलणे, एवढेच जर आपण मुलांपुढे ठेवले, तर ज्यांच्यापाशी खरी तयारी आहे ती मुले 'हे आपले काम नाही' म्हणून मागे राहतील, आणि ज्यांना केवळ टाळ्यांची हौस आहे ती पुढे येतील. क्रोहर्स्टही आरंभी असाच एक टाळ्यांनी वेढलेला माणूस होता.

म्हणून लेखकांना आणि संपादकांना माझी विनंती अशी की, या प्रदक्षिणांवर मराठीत लिहावे, लिहवून घ्यावे, पण सत्काराचे भाषण लिहू नये. दिवस मांडावा. आणि कोकणच्या वाचकांना एक वेगळी विनंती. दिव्याहून सुटणाऱ्या गाडीने दर सणाला माणसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जातात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे शिडाच्या गलबतांवर खलाशी होते, तांडेल होते. काही घरांत त्यांच्या हातची पत्रे असतील, मालाच्या जमाखर्चाची चोपडी असेल. नाहीतर निदान एखादी आजी असेल, जिला आठवत असेल की नवरा दर्यावर जाताना बरोबर काय बांधून नेत असे आणि परत आल्यावर जमिनीवर त्याला पहिले दोन दिवस झोप का लागत नसे. फराळाचे ताट पुढे ओढून तिला एवढेच विचारा, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. लाटा किती उंच होत्या हे तिने सांगितले नाही तरी चालेल.